वर चढणारा अवतार

संगणकावरच्या सुरुवातीच्या रोल-प्लेइंग गेममध्ये कथानक बहुधा ठरलेले असे. कुठेतरी एक दुष्ट जादूगार असतो. खेळाडूने भुयारे पालथी घालायची, तलवार नि चिलखत मिळवायचे, बळ वाढवायचे आणि शेवटी त्या जादूगाराला मारायचे. १९८५ साली अमेरिकेत ॲपल टू संगणकासाठी ‘अल्टिमा ४ : क्वेस्ट ऑफ द अवतार’ हा खेळ आला आणि त्यात शेवटी मारायला खलनायकच नव्हता. लढाया होत्या, भुयारे होती, पण ध्येय होते खेळाडूने सद्गुणी माणूस होण्याचे. त्या अवस्थेला खेळाने दिलेले नाव मात्र आपल्या घरातले होते : अवतार.

भाषांतर हा माझा व्यवसाय आहे. आपले शब्द परदेशी जाऊन काय होऊन परततात, याचे कुतूहल जुने. या एका शब्दाचा माग काढत मी चाळिशी उलटल्यावर ‘अल्टिमा ४’पर्यंत पोचले. त्याआधी असा एकही खेळ खेळले नव्हते. आता वाटते, इथे नवखेपणा ही उणीव नाही. हा खेळ पुरता कळतो तो नवख्यालाच.

खेळाचा कर्ता रिचर्ड गॅरियट. जन्म १९६१ चा, इंग्लंडमधल्या केंब्रिजचा, वाढला टेक्सासमध्ये. वडील ओवेन गॅरियट ‘नासा’चे अंतराळवीर. शाळकरी वयात लिहिलेला ‘अकलाबेथ’ हा खेळ रिचर्डने संगणकाच्या दुकानात प्लास्टिकच्या पिशव्यांत घालून विकायला ठेवला होता. १९८१ मध्ये पहिला ‘अल्टिमा’ आला. तिसरा भाग १९८३ मध्ये ‘ओरिजिन सिस्टिम्स’ या स्वतःच्या कंपनीतून काढल्यावर खेळाडूंची पत्रे थेट त्याच्या हाती पडू लागली. त्यांतून त्याला दिसले, की जिंकण्यासाठी लोक दुकाने लुटतात, निरपराध गावकऱ्यांना मारतात आणि तरीही खेळ त्यांना नायकच म्हणतो. शिवाय ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’सारखे खेळ मुलांना सैतानाच्या नादी लावतात, अशी भीती त्या काळी अमेरिकेतल्या अनेक धार्मिक घरांत पसरली होती. तिसऱ्या भागाच्या खोक्यावर राक्षसाचे चित्र होते, त्यावरूनही रागाची पत्रे आली. गॅरियटने उत्तर दिले ते पुढच्या खेळातून. सत्य, प्रेम आणि धैर्य ही तीन तत्त्वे घेऊन त्याने आठ सद्गुण रचले. अवताराची कल्पना त्याला दूरचित्रवाणीवर पाहिलेल्या, हिंदू परंपरेवरच्या एका कार्यक्रमातून सुचली होती.

खेळ सुरू होतो तो जत्रेतल्या एका जिप्सी बाईच्या गाडीत. ती पत्ते मांडते आणि सात प्रश्न विचारते. प्रत्येक प्रश्नात दोन सद्गुण एकमेकांसमोर उभे. न मोजलेल्या सोन्याची थैली पोचवायची जबाबदारी तुमच्यावर आहे आणि वाटेत भिकारी भेटतो : थैली जशीच्या तशी पोचवाल, की त्यातले एक नाणे त्याला द्याल? प्रामाणिकपणा की करुणा? बरोबर उत्तर असे नाहीच. जो सद्गुण शेवटी उरतो, त्यावरून तुमचा पेशा ठरतो. माझ्या वाट्याला नम्रता आली, म्हणजे मेंढपाळाचा पेशा. खेळातला हा सर्वांत दुबळा पेशा. वाट सुरू होते ती मॅजिन्सिया नावाच्या बेटावरच्या गावाजवळ. गर्वापायी हे गाव उद्ध्वस्त झाले आणि आता तिथे भुते नांदतात. नम्र माणसाला पहिला मुक्काम गर्वाच्या स्मशानात, ही योजना मला फार आवडली.

बेटावरून निघणे मात्र सोपे नव्हते. ब्रिटानिया या देशाच्या आकाशात ट्रॅमेल आणि फेलुका असे दोन चंद्र आहेत. एकाच्या कलेवर कोणते चंद्रद्वार उघडणार हे ठरते, तर दुसऱ्याच्या कलेवर ते कुठे नेणार हे. कळफलकावरच्या प्रत्येक अक्षराला एक क्रिया. अक्षरे अपुरी पडली तिथे इंग्रजीचे स्पेलिंगच वाकवलेले : ‘क्लाइंब’ची सुरुवात ‘के’ने, ‘स्टॅट्स’ची ‘झेड’ने. माणसांशी बोलायचे तर शब्द टंकायचा. नाव विचारा, काम विचारा. उत्तरात एखादा नवा शब्द सापडला की तो उचलून पुन्हा विचारा. एका गावात ऐकलेला शब्द दुसऱ्याच गावात कुलूप उघडतो. मी वही घेऊन बसले. परकी भाषा नव्याने शिकताना जसे बसतो, तसेच.

खेळाचा गाभा उघडला तो दुकानात. वनौषधी विकणारी बाई आंधळी आहे. ती किंमत सांगते आणि मग पैसे किती देणार, ते तुम्हीच टंकायचे. कमी दिले तरी माल मिळतो, शिपाई धावून येत नाहीत, पडद्यावर काही उमटत नाही. हिशेब मात्र आत कुठेतरी होत असतो. भिकाऱ्याला दिलेले नाणे, वैद्याकडे दान केलेले रक्त, लढाईतून काढलेला पळ, कोणाच्या तरी घरातली उघडलेली पेटी, ‘तुला गर्व आहे का?’ या प्रश्नाचे उत्तर : सगळ्याची नोंद होते. आकडे दिसत नाहीत. राजवाड्यात हॉकविंड नावाचा द्रष्टा आहे. एखाद्या सद्गुणाबद्दल विचारले तर तो मोघम शब्दांत कौल देतो, एवढेच. एका सद्गुणात पुरते झालात की त्याच्या स्थानी जाऊन मंत्र जपत ध्यान करायचे, म्हणजे अवतारपदाचा एक अष्टमांश पदरात पडतो. नंतर वाईट वागलात, तर तो जातोही.

या आठ शब्दांसाठी मराठी शब्द शोधणे हा माझ्यासाठी खेळातला खेळ होता. प्रामाणिकपणा, करुणा, शौर्य, न्याय, त्याग इथवर अडचण नाही. ‘ऑनर’पाशी थांबावे लागते. मान दुसऱ्यांकडून मिळतो, अब्रू दुसऱ्यांमुळे जाते. गॅरियटच्या मांडणीत हा गुण म्हणजे सत्य अधिक धैर्य, म्हणजे कोणी पाहत नसतानाही टिकणारा. मी ‘इमान’ निवडला. अरबी-फारसीतून आलेला हा शब्द मराठीत इतका मुरला आहे, की इमानी कुत्र्यापासून इमानेइतबारे केलेल्या चाकरीपर्यंत सगळीकडे चालतो. ‘स्पिरिच्युॲलिटी’त तिन्ही तत्त्वे एकत्र येतात. नम्रतेत एकही नाही. बेरजेच्या बाहेर ती एकटी उभी आहे. वारकऱ्यांच्या ‘लहानपणा’ची आठवण व्हावी, अशी ही जागा.

आणि मूळ शब्द? संस्कृतात अवतार म्हणजे खाली उतरणे. देव माणसांत येतो, दिशा वरून खाली. गॅरियटने ती उलटी केली. इथे माणूस पायरी पायरीने वर चढून अवतार होतो. शुद्धतावाद्याला हे चूक वाटेल. मला ते स्वतंत्र भाषांतर वाटते, कारण त्यात जबाबदारी माणसावर येते. पण शब्द तिथेही थांबला नाही. १९८६ मध्ये ‘लुकासफिल्म’च्या ‘हॅबिटॅट’ या खेळात पडद्यावरच्या खेळाडूच्या आकृतीला अवतार म्हटले गेले. १९९२ मध्ये नील स्टीफन्सनच्या ‘स्नो क्रॅश’ कादंबरीने तो अर्थ दूर पसरवला. आज खात्यावर लावलेले चिमुकले चित्र म्हणजे अवतार. जे व्हायचे होते, ते आता नुसते लावायचे उरले.

खेळाच्या बाबतीतही काहीसे असेच घडले. ‘अल्टिमा ४’ आज विनामूल्य मिळतो आणि त्याची सगळी उत्तरेही. किती नाण्यांनी करुणा किती वाढते, कोणता मंत्र कुठे जपायचा, हे आकड्यांनिशी वाचता येते. ते वाचले की भिकाऱ्याला नाणे देणे ही गुंतवणूक होते आणि आंधळ्या बाईला पुरे पैसे देणे ही चाल. १९८५ च्या खेळाडूला हिशेब चालतो आहे याचा नुसता संशय होता. त्या संशयातच तो चांगला वागत होता, किंवा वागत नव्हता. हा इतिहास कागदपत्रांत सापडत नाही. तो अनुभवायचा तर काहीही न वाचता, वही घेऊन, पहिल्यांदा खेळावे लागते.

महिनाभरात माझ्या मेंढपाळाने दोन अष्टमांश मिळवले. सहा उरले आहेत आणि उत्तरे मी अजून वाचलेली नाहीत. मराठीत कोणी धुळीने माखून, केस विस्कटून दारात उभे राहिले, की घरातली माणसे विचारतात, ‘काय हा अवतार!’ दोन चंद्रांखाली रस्ता शोधत, फाटक्या कपड्यांत फिरणाऱ्या मेंढपाळाला हाच अर्थ सध्या जास्त शोभतो.