देऊळ, देवराई आणि तळे

सह्याद्रीच्या परिसरात जुनी ग्रामदैवते बहुधा दाट झाडीत वसलेली आढळतात. या झाडीला कोठे देवराई म्हणतात, तर रत्नागिरीकडे देवरहाटी. देवाचा कौल घेतल्यावाचून तेथील वाळकी काटकीही उचलायची नाही, असा दंडक गावोगाव पाळला जात असे. त्यामागे श्रद्धा तर होतीच, पण गावाच्या पाण्याची सोयही होती.

देवराईत पालापाचोळ्याचा जाड थर साठतो. त्यामुळे पावसाचे पाणी उतारावरून धावत न सुटता जमिनीत मुरते आणि माती जागच्या जागी राहते. मुरलेले पाणी पुढे झऱ्यावाटे निवळशंख होऊन बाहेर येते. अशा झऱ्यांवर पूर्वजांनी चिरेबंदी कुंडे व तळी बांधली. झाडीने पाणी धरायचे आणि दगडाने ते राखायचे, अशी ही कामाची वाटणी होती.

हीच दृष्टी पुणे शहराच्या पाणीपुरवठ्यातही दिसते. इ. स. १७५० च्या सुमारास नानासाहेब पेशव्यांनी कात्रज येथे डोंगराच्या पायथ्याशी तलाव बांधविले. वरच्या तलावात गाळ बसे आणि निवळलेले पाणी खालच्या तलावात उतरे. तेथून जमिनीखालच्या दगडी नळाने ते शनिवारवाड्यापर्यंत व काळा हौद, बदामी हौद अशा सार्वजनिक हौदांपर्यंत पोहोचे. नळाची पाहणी व साफसफाई करता यावी म्हणून वाटेत ठिकठिकाणी उच्छ्वास ठेवले होते. पुढे तलावाच्या वरच्या अंगाला वस्ती वाढली आणि सांडपाणी तलावात येऊ लागले. बांधकाम टिकले, पण पाण्याची शुद्धता गेली. वरचा डोंगर राखला नाही, तर खालचा पक्का दगडही पाणी शुद्ध ठेवू शकत नाही, हे कात्रजच्या इतिहासाने दाखवून दिले.

याउलट उदाहरण श्रीवर्धन तालुक्यातील गाणी या गावचे. १९७० नंतरच्या दशकात डॉ. वर्तक आणि डॉ. माधव गाडगीळ हे दोघे महाराष्ट्रातील देवरायांचा अभ्यास करीत होते. त्या सुमारास गाणीच्या देवराईवर तोडीचे संकट आले. ती वाचवावी म्हणून गावकऱ्यांनी या अभ्यासकांकडे धाव घेतली. राई गेली तर तिच्यातून वाहणारा ओढा आटेल, हे त्या गावाला कोणी शिकवावे लागले नव्हते.

खेदाची गोष्ट अशी की, काही गावी देवळाच्या जीर्णोद्धारासाठीच देवराईतील झाडे विकली गेली. देऊळ नवे झाले आणि झरा मात्र क्षीण झाला. म्हणून जीर्णोद्धाराचा संकल्प शिखर व सभामंडपापाशी संपत नाही. राईला कुंपण घालणे, मोकळ्या जागी तेथलीच जातिवंत झाडे लावणे, पावसाळ्यापूर्वी तळ्यातील गाळ काढणे आणि गटाराचे पाणी तळ्यापासून दूर वळविणे, हीदेखील देवाचीच सेवा होय. देणगीदारांच्या दानाचा काही अंश या कामी लागला, तर पुढच्या पिढ्यांना देवळाबरोबर वैशाखातही भरलेले तळे मिळेल.