जीवशास्त्राची पदवी आणि पुढची वाट : एक ऐतिहासिक आढावा

बारावीनंतर तुम्ही जीवशास्त्र घेतले असेल, तर एक प्रश्न तुम्हाला हमखास ऐकावा लागला असेल : 'मेडिकलला नंबर लागला नाही, मग आता पुढे काय?' जीवशास्त्र म्हणजे डॉक्टरकी, आणि ती नसेल तर मास्तरकी, हे समीकरण आपल्याकडे इतके घट्ट का झाले? त्याचे उत्तर इतिहासात आहे.

कोलकात्याजवळ शिबपूर येथे 1787 मध्ये ईस्ट इंडिया कंपनीची वनस्पती बाग सुरू झाली. 1793 पासून तिचे अधीक्षक असलेले विल्यम रॉक्सबर्ग हे पेशाने डॉक्टर होते. यात नवल नव्हते. औषधी वनस्पती ओळखता येणे हा तेव्हा वैद्यकशिक्षणाचाच भाग होता. 1835 मध्ये कोलकात्यात वैद्यकीय महाविद्यालय निघाले. 1857 मध्ये कोलकाता, मुंबई व मद्रास विद्यापीठे स्थापन झाली, पण आरंभी त्यांचे मुख्य काम परीक्षा घेणे व पदव्या देणे हेच होते. संशोधनाला तेथे फारसे स्थान नव्हते. अशा प्रकारे आपल्याकडे जीवशास्त्र प्रथम आले ते वैद्यकाचे बोट धरून.

पुढच्या वाटा सरकारच्या गरजांतून निघाल्या. जंगलांच्या व्यवस्थापनासाठी 1878 मध्ये डेहराडूनला वनविद्येची शाळा निघाली. वनस्पतींच्या नोंदीसाठी 1890 मध्ये भारतीय वनस्पती सर्वेक्षण संस्था, शेतीसाठी 1905 मध्ये बिहारमधील पुसा येथील संशोधन संस्था, उसाच्या नव्या जातींसाठी 1912 मध्ये कोइंबतूरचे केंद्र आणि 1916 मध्ये भारतीय प्राणी सर्वेक्षण संस्था स्थापन झाली. जागा निर्माण झाल्या. मात्र वरच्या जागांवर सुरुवातीला बहुतांशी युरोपीय अधिकारीच होते. पदवी मिळवलेल्या भारतीय तरुणापुढे दार होते, पण ते अर्धेच उघडे होते.

ते पुरते उघडणाऱ्यांपैकी तिघांची उदाहरणे पाहू.

मालवणात 1884 मध्ये जन्मलेले शंकर पुरुषोत्तम आघारकर कोलकाता विद्यापीठात वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक झाले. 1914 मध्ये ते अभ्यासासाठी जर्मनीला गेले. तेवढ्यात पहिले महायुद्ध पेटले आणि त्यांना स्थानबद्ध करण्यात आले. तरीही डॉक्टरेट पूर्ण करूनच ते परतले व त्यांनी विद्यापीठातील आपला विभाग उभा केला. पुढे 1946 मध्ये पुण्यात स्थापन झालेल्या महाराष्ट्र विज्ञानवर्धिनीचे ते पहिले संचालक झाले.

केरळमधील तेल्लिचेरी येथे 1897 मध्ये जन्मलेल्या जानकी अम्माळ मद्रासमध्ये वनस्पतिशास्त्र शिकल्या. आशियाई स्त्रियांसाठी असलेल्या शिष्यवृत्तीवर त्या अमेरिकेतील मिशिगन विद्यापीठात गेल्या आणि 1931 मध्ये तेथे त्यांना डॉक्टरेट मिळाली. परतल्यावर कोइंबतूरला त्यांनी ऊस आणि इतर गवतवर्गीय वनस्पती यांच्या संकरांवर काम केले. नंतरची काही वर्षे इंग्लंडमध्ये गेली, तेथे सी. डी. डार्लिंग्टन यांच्याबरोबर त्यांनी लागवडीखालील वनस्पतींच्या गुणसूत्रांचा कोश तयार केला व तो 1945 मध्ये प्रसिद्ध झाला. वनस्पती सर्वेक्षण संस्थेच्या पुनर्रचनेसाठी पंडित नेहरूंनी बोलावल्यावर 1951 मध्ये त्या मायदेशी आल्या. पदवी आणि हे पद यांमध्ये तब्बल 30 वर्षे होती.

तिसरे उदाहरण एम. एस. स्वामिनाथन यांचे. त्यांनी त्रिवेंद्रमला प्राणिशास्त्राची पदवी घेतली होती. घरच्यांची अपेक्षा त्यांनी डॉक्टर व्हावे अशी होती. मात्र 1943 च्या बंगालमधील दुष्काळाने ते हादरले आणि कोइंबतूरला शेतीचे शिक्षण घेण्यासाठी गेले. पुढे त्यांची भारतीय पोलीस सेवेसाठी निवडही झाली होती. हातातली पक्की नोकरी सोडून त्यांनी आनुवंशशास्त्राच्या अभ्यासासाठी नेदरलँड्सची वाट धरली. गव्हाच्या हरितक्रांतीतील त्यांचा वाटा सर्वांना ठाऊक आहे.

या तिघांत एक गोष्ट समान आहे. नुसती पदवी कोणालाच पुरली नाही. प्रत्येकाने तिच्या जोडीला एक नेमकी विद्या मिळवली : कोणी वनस्पतींच्या वर्गीकरणाची, कोणी गुणसूत्रांची, कोणी पीकसुधारणेची. दुसरी गोष्ट अशी की त्यांना कामाची जागा मिळाली ती कुणीतरी संस्था उभी केली होती म्हणून. स्वातंत्र्यानंतर हेच पुन्हा घडले. हैदराबादची पेशी व रेणवीय जीवशास्त्राची संस्था 1977 मध्ये सुरू झाली, 1986 मध्ये केंद्र सरकारचा जैवतंत्रज्ञान विभाग स्थापन झाला आणि पूर्वी नसलेल्या वाटा खुल्या झाल्या.

म्हणून पुढची वाट निवडताना 'या पदवीला नोकरी आहे का?' एवढेच विचारू नका. देशाची कोणती गरज आज नवी संस्था, नवी प्रयोगशाळा, नवा व्यवसाय उभा करते आहे, ते पाहा. आणि त्या कामाला लागणारी कोणती विद्या तुम्ही पदवीच्या तीन-चार वर्षांत हाताखाली घालू शकता, ते ठरवा. उत्तर लगेच मिळेल असे नाही. जानकी अम्माळ यांनाही ते लगेच मिळाले नव्हते.

स्वाध्याय : तुमच्या जिल्ह्यातील शेती, वन, मत्स्यव्यवसाय किंवा आरोग्य यांच्याशी संबंधित एक संस्था निवडा. ती कोणत्या वर्षी व कोणत्या गरजेतून सुरू झाली आणि तेथे जीवशास्त्राचे पदवीधर नेमके कोणते काम करतात, यावर एक टिपण लिहा.