खोताची बोली, कुळाची मान

रत्नागिरी जिल्ह्यात गावाचा सारा वसूल करणाऱ्या खोताचा दरारा सारापट्टीच्या जोरावर होता तसा शब्दांच्या जोरावरही होता. जमीन कसणाऱ्यांत धारेकरी हा सरकारने ठरवलेला धारा भरून मोकळा होई. अर्धेली निम्मे पीक देई, तिर्धेली तिसरा हिस्सा. आपण नेमके कोणत्या खात्यात बसतो, हे मात्र बहुतेक कुळांना दप्तरातूनच कळे, आणि दप्तर असे खोताच्या घरी, मोडी लिपीत लिहिलेले.

अभावणीचा, म्हणजे उभ्या पिकाचा अंदाज घेण्याचा, प्रसंग पाहा. भात अजून कापलेले नाही. खोत किंवा त्याचा कारकून बांधावर उभा राहतो, नजरेनेच खंडी-मणांचा अंदाज बांधतो आणि आकडा कागदावर उतरतो. पीक प्रत्यक्षात कमी आले तरी कुळाने बोलायचे कसे? कारकुनाकडे ‘मक्ता’, ‘कबुलायत’, ‘बाकी’ असे खणखणीत शब्द होते, कुळाकडे फक्त भात. अशा वेळी ज्याला शब्द येतात तोच खरा वाटतो, मग आकडा कितीही फुगलेला असो.

इंग्रजांनी 1880 चा खोती कायदा केला आणि हे नाते कोर्टाच्या भाषेत नेले. त्यामुळे कुळाला आता खोताबरोबर वकिलाचीही बोली समजून घ्यावी लागली. सुटका झाली असे म्हणणे धाडसाचे.

17 सप्टेंबर 1937 रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मुंबई विधिमंडळात खोती नष्ट करणारे विधेयक मांडले, तेव्हा बॅरिस्टर असलेला माणूस कुळाच्या बाजूने उभा होता. कायदेशीर परिभाषेत तो कोणालाही हार जाणारा नव्हता. प्रत्यक्ष निर्मूलनाचा कायदा मात्र 1949 मध्ये झाला. तरी शब्दांची अडचण संपलेली नाही: जमिनीच्या जुन्या कागदांसाठी मोडी वाचणारा जाणकार आजही शोधावा लागतो.