पेगॅसस

ग्रीक पुराणकथांतील एक सपक्ष दिव्य अश्व. कवीचे वाहन व काव्यप्रतिभेचे प्रतीक म्हणून तो आज सर्वपरिचित असला, तरी प्राचीन ग्रीकांच्या लेखी तो मुख्यतः मेघगर्जना, जलस्रोत आणि कॉरिंथ हे नगर यांच्याशी निगडित होता. कवीला आपल्या पाठीवर घेणारा पेगॅसस बराच उत्तरकालीन होय.

हीसिअडच्या थिऑगनी (इ. स. पू. सु. ७००) या काव्यानुसार पर्सिअसने मेडूसा या गॉर्गनचा शिरच्छेद केला, तेव्हा तिच्या देहातून क्रायसेऑर व पेगॅसस बाहेर पडले. त्यांचा पिता समुद्रदेव पोसायडन. पेगॅसस पृथ्वी सोडून झ्यूसच्या प्रासादात गेला व त्याचे वज्र वाहू लागला. हीसिअडने त्याच्या नावाचा संबंध ‘झरा’ या अर्थाच्या ग्रीक शब्दाशी जोडला आहे. तथापि ते आशिया मायनरमधील लुवियन भाषेतील ‘पिहस्सस्सी’ या विद्युद्वाचक शब्दापासून आले असावे, असे काही आधुनिक अभ्यासक मानतात. इ. स. पू. तेराव्या शतकातील हिटाइट राजा दुसरा मुवाताल्ली याच्या आराध्य पर्जन्यदेवाचे ते विशेषण होते. वज्रवाहक अश्वाला ही व्युत्पत्ती अधिक शोभते.

ईलियडमध्ये कॉरिंथचा वीर बेलेरोफॉन याची कथा विस्ताराने येते. पण तीत पेगॅससचा नामोल्लेखही नाही. पेगॅससला वश करण्याचा प्रसंग पिंडरने एका कॉरिंथवासी ऑलिंपिक विजेत्याच्या गौरवार्थ रचलेल्या उद्देशिकेत (इ. स. पू. ४६४) वर्णिला आहे. अश्व काही केल्या हाती लागेना, तेव्हा द्रष्ट्याच्या सल्ल्यावरून बेलेरोफॉन अथीना देवीच्या वेदीवर निजला व स्वप्नात तिने त्याला सुवर्णाचा लगाम दिला. पुढे या अश्वावरूनच त्याने सिंह, शेळी व सर्प यांच्या मिश्रणाने बनलेल्या किमीरा या अग्निमुखी प्राण्याचा वध केला. स्वर्गात शिरू पाहणाऱ्या बेलेरोफॉनला पेगॅससने खाली फेकले, असेही पिंडर अन्यत्र सांगतो. उद्धट स्वाराचा अधःपात झाला. घोड्याला मात्र ऑलिंपसवरील अश्वशाळेत जागा मिळाली. कॉरिंथने इ. स. पू. सहाव्या शतकापासून आपल्या रौप्यनाण्यांवर पेगॅससची प्रतिमा उमटविली. लोकभाषेत या नाण्यांना ‘शिंगरे’च म्हणत. लूकस, अँब्रेशिया इ. कॉरिंथच्या वसाहतींनीही तीच मुद्रा स्वीकारली.

म्यूझ या कलादेवतांशी त्याचा संबंध हेलिकॉन पर्वतावरील हिप्पोक्रीनी (‘अश्वाचा झरा’) यामुळे आला. हीसिअड या झऱ्यात म्यूझना स्नान घालतो, परंतु तो पेगॅससच्या खुराने फुटला असे म्हणत नाही; ती कथा इ. स. पू. तिसऱ्या शतकातील अरेटसच्या काव्यात आढळते. प्रबोधनकाळात हा धागा दृढ झाला. मांतेन्याच्या ‘पार्नॅसस’ (१४९७) या चित्रात म्यूझच्या नृत्याजवळ पेगॅसस उभा आहे. अठराव्या शतकाच्या अखेरीस शिलरने या संकेताचा मार्मिक उपयोग केला : त्याच्या कवितेतील भुकेला कवी पेगॅससला बाजारात विकतो व नवा धनी त्याला नांगराला जुंपतो.

पर्सिअसला पेगॅससवर बसविण्याचा प्रघातही असाच मागाहूनचा. प्राचीन कथेत तो सपक्ष पादत्राणांच्या साहाय्याने उडतो. मध्ययुगीन लेखकांनी हा घोटाळा केला आणि रूबेन्ससारख्या चित्रकारांनी तो लोकप्रिय केला. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश हवाईवाहित सेनेने घेतलेल्या चिन्हात मात्र बेलेरोफॉनच पेगॅससवर आरूढ आहे. ६ जून १९४४ रोजी ग्लायडरने उतरलेल्या तुकडीने नॉर्मंडीतील जो पूल काबीज केला, त्याला याच चिन्हावरून ‘पेगॅसस पूल’ हे नाव पडले.

ग्रीक कथांत इतरही असामान्य अश्व आहेत. पोसायडन व डिमीटर यांचा पुत्र अरायन याने थीब्झच्या युद्धातून अड्रॅस्टसला वाचविले. अकिलीझचा झँथस मानवी वाणीने त्याच्या मृत्यूचे भाकीत करतो. पण त्यांपैकी कोणालाही पेगॅससइतके दीर्घायुष्य लाभले नाही.

टॉलेमीच्या ४८ तारकासमूहांत पेगॅसस (महाश्व) आहे. आकाशात त्याचा केवळ पुढचा अर्धा भाग, तोही उत्तर गोलार्धातून पाहता उलटा, कल्पिलेला आहे. त्यातील मोठ्या चौकोनाच्या चार ताऱ्यांतच भारतीयांनी पूर्वा व उत्तरा भाद्रपदा ही नक्षत्रे मानली. मात्र चौथा तारा १९३० पासून अधिकृतपणे देवयानीत मोजला जातो. याच समूहातील ५१ पेगॅसी या सूर्यसदृश ताऱ्याभोवती फिरणाऱ्या ग्रहाचा शोध १९९५ मध्ये जाहीर झाला.