अडीच मासे

आमच्या घराण्यात 'अडीच मासे' हा एक वाक्प्रचार आहे. कुणी क्षुल्लक कारणावरून रुसून बसलं की म्हणायचं, "झालं, निघाले अडीच मासे." नव्या सुनांना वाटायचं, काही मासळीचा प्रकार असावा!

हे मासे सोन्याचे. बारा माशांचा तोळा आणि आठ गुंजांचा मासा. हकिगत १९३४ सालची. माझ्या आजीने थोरल्या जावेला मुलीच्या लग्नासाठी दहा तोळे सोनं उसनं दिलं. लगड आणि मोडीचे चार डाग होते. घरात वजनं नव्हती. तेव्हाच्या रीतीप्रमाणे काट्याच्या एका पारड्यात चांदीचे दहा रुपये आणि दुसऱ्यात सोनं. रुपया म्हणजे एक तोळा, ही गोष्ट तेव्हा शेंबडं पोरही सांगे. 'रुपयाभार' हा शब्द त्यातूनच आला. थोरल्या आजीने ते सोनं सराफाकडे नेलं, तर त्याच्या पितळी वजनांत ते अडीच मासे कमी भरलं. ती परत आली ती तणतणतच. पुढे सोनं फेडलं तेव्हा तिने अडीच मासे कापूनच फेडलं. आजी म्हणे, "मी दहा दिले," आणि थोरली म्हणे, "मला साडेनऊ माशांवर नऊच मिळाले." सोपा एक, पण चुली दोन झाल्या. दोघींच्या हयातीत त्या एका पंगतीला बसल्या नाहीत. आजी शेवटपर्यंत म्हणायची, "माझ्या नावाला बट्टा लावला."

हा 'बट्टा' शब्द मूळचा नाण्यांचाच, हे मी वर्गात मुलांना नेहमी सांगत असे. पेशवाईत एकाच बाजारात अंकुशी, चांदवडी, मल्हारशाही असे नाना तऱ्हेचे रुपये चालत. प्रत्येकाचं वजन वेगळं, कस वेगळा. त्यात झिजलेले, कडेने कातरलेले. मग पोतदाराने ते पारखायचे, दगडावर आपटून आवाज ऐकायचा आणि जितकी चांदी कमी तितकी किंमत कापून घ्यायची. ही कापलेली रक्कम म्हणजे बट्टा. खणखणीत नाणं, वाजवून घेणं, ही सगळी त्या पोतदारांचीच देणगी.

झीज होते कशाने? चांदी मुळात मऊ. म्हणून कंपनीच्या रुपयात बारा भागांत एक भाग हिणकस धातू घालत, तेवढाच कडकपणा. तरी बटव्यात एकावर एक घासून, मोजताना सरकवून, घामट बोटांतून फिरून चांदीचा अदृश्य कण जातच राहतो. आधी उंच भाग सपाट होतो, राजाचा गाल, राणीचे केस. कडेला उचललेला काठ असतो तो याचसाठी, की घासायचं ते त्याने घासावं. लहान नाणं मोठ्यापेक्षा लवकर झिजतं, कारण वजनाच्या मानाने त्याचा पृष्ठभाग जास्त आणि हातही त्याला जास्त लागतात.

बंगाल्यात तर न झिजलेल्या रुपयालाही बट्टा लागे! नाण्यावर बादशहाच्या कारकिर्दीचं वर्ष असायचं. नवा 'सिक्का' पूर्ण भावाने चाले आणि वर्ष जुनं झालं की सराफ सरसकट कमी भाव देत. वर्षं गेली म्हणजे झिजलाच असणार, हा हिशेब. रयत यात भरडली जाई. शेवटी कंपनीने एक नामी युक्ती काढली. शाहआलमच्या कारकिर्दीचं एकोणिसावं वर्षच नाण्यावर कायम ठेवलं. बादशहा १८०६ मध्ये वारला, पण नाण्यावर त्याचं एकोणिसावं वर्ष पुढेही कितीतरी वर्षं चालूच होतं. नाणंच म्हातारं होऊ दिलं नाही.

१८३५ साली सगळीकडे एकच रुपया आला. वजन १८० ग्रेन, म्हणजे आजच्या मापात ११.६६ ग्रॅम. कायद्यात असं होतं की शेकडा दोनपेक्षा जास्त झिजलेला नसेल तर तो पूर्ण रुपया म्हणून घेतलाच पाहिजे. हा नियम लक्षात ठेवा, पुढे कामाला येणार आहे.

विलायतेतही हीच चिंता होती. विल्यम स्टॅन्ली जेव्हन्स हा अर्थशास्त्रज्ञ तरुणपणी सिडनीच्या टांकसाळीत धातूचा कस पाहण्याच्या नोकरीला होता. त्याने १८६८ मध्ये चलनातल्या सोन्याच्या सॉव्हरिनची पाहणी केली, तर जवळजवळ तिसरा हिस्सा नाणी कायद्याच्या वजनाखाली गेलेली निघाली. त्याच्या हिशेबाने सॉव्हरिन सुमारे अठरा वर्षांत झिजून बेकायदा होत असे. गंमत अशी, की झिजलेलं नाणं जो तो पुढे ढकलतो. नुकसान होतं ते शेवटी ज्याच्या हातात सापडेल त्याचं.

असो. तर आजीचे ते दहा रुपये माझ्याकडे आहेत. भांडणानंतर तिने ते एका फडक्यात गाठ मारून ट्रंकेत ठेवले, आणि कितीही अडचण आली तरी मोडले नाहीत. पुरावा म्हणून ठेवले असावेत. गेल्या महिन्यात ट्रंक आवरताना ती गाठ हाती लागली. सहा राणीछाप, दोन एडवर्डचे, दोन पंचम जॉर्जचे. राणीछापांपैकी चारांवर १८६२ साल आहे. (तेही फसवंच. पुढची दहा-बारा वर्षं रुपयावर १८६२ हेच साल पाडत होते.) मी ते घेऊन माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याच्या सराफी दुकानात गेलो.

"गुरुजी, विकायचेत?"

"नाही रे, फक्त तोलून दे. एकेक करून."

इलेक्ट्रॉनिक काट्यावर जॉर्जचा एक ११.६२ भरला. सर्वांत हलका १८६२ चा, ११.२८. राणीच्या कानाजवळचे केस पार गुळगुळीत झालेले. दहांची बेरीज ११४.६ ग्रॅम. भरायला हवी होती ११६.६४.

म्हणजे दोन ग्रॅमच्या वर थोडी घट. जुन्या मापात दोन मासे आणि गुंजभर. शेकड्यात पावणेदोन. म्हणजे सरासरी धरली तर घट कायद्याच्या शेकडा दोनच्या आतच होती, एकेक तोलला असता तर मात्र सर्वांत हलका त्या मर्यादेबाहेर गेला असता. एकंदरीत रुपया म्हणून ते खरे होते, फक्त तोळा म्हणून खोटे झाले होते. आजीने प्रामाणिकपणे दहा रुपयाभार दिले आणि थोरलीला प्रामाणिकपणे दहा तोळ्यांना कमी मिळाले. दोघींपैकी कुणीच खोटं बोलत नव्हतं.

उरल्या तीन गुंजा. त्या घरच्या काट्यात गेल्या, की सराफाच्या पितळी वजनांत, की सांगोवांगीत दोनाचे अडीच झाले, ते आता कसं कळणार?

विद्यार्थी म्हणाला, "आता आमचा तोळा दहा ग्रॅमचा, गुरुजी." खरंच की. ११.६६ चा तोळा कुठेही न घासता दहावर आला आणि कुणी ब्रसुद्धा काढला नाही!

घरी येऊन थोरल्या आजीच्या नातवाला, माझ्या चुलतभावाला, फोन केला. तोही आता पंच्याहत्तरीचा. सगळा हिशेब त्याला वाचून दाखवला. बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "आकडे परत सांग. लिहून घेतो."