गडी: मैदानातला आणि वेठीतला

कागदोपत्री तो स्पर्धक किंवा खेळाडू. मैदानाच्या कडेला मात्र मोजदाद गड्यांचीच होते. कबड्डीत एका बाजूला ७ गडी, खो-खोच्या पाठलागात ९. वर्तमानपत्रं क्रिकेटमधल्या विकेटही गड्यांतच मोजतात; महिलांचा संघसुद्धा ‘५ गडी राखून’ जिंकतो.

या शब्दाची जुनी ओळख सोबत्याची. संतांच्या काल्यात कृष्णाचे सवंगडी भेटतात, ते गाई राखणारे आणि शिदोऱ्या एकत्र कालवणारे. मुलं खेळायला जमली की आधी गडी वाटून घेतात, आणि त्या वाटणीत कुणाचं घर मोठं हे कुणी विचारत नाही.

घराच्या उंबऱ्याशी आला की हाच शब्द खाली बसतो. घरगडी, शेतगडी, वर्षाच्या बोलीवर राबणारा सालगडी. आणि डहाणू-तलासरीच्या पट्ट्यात या साऱ्यांहून भयंकर असा लग्नगडी. वारली आदिवासी तरुण लग्नासाठी जमीनदाराकडून पैसे किंवा धान्य उचलायचा आणि अंगमेहनतीने फेडत राहायचा. हिशेब जमीनदाराच्या वहीत आणि घेणाऱ्याला अक्षरओळख नाही. मग कर्ज फिटणार कसं? त्याच्याबरोबर बायकोही राबायची. जिच्याशी संसार थाटायला कर्ज काढलं, तीच त्या कर्जात बांधली जायची. वारल्यांच्या लढ्यातल्या कार्यकर्त्या गोदावरी परुळेकरांनी ‘जेव्हा माणूस जागा होतो’मध्ये हे जग मांडलं आहे.

कबड्डीत बाद झालेला गडी कायमचा जात नाही. आपल्या बाजूने समोरचा एक टिपला की आधी बाद झालेला आधी आत येतो. लग्नगड्याला अशी पाळीच नव्हती. ती वारल्यांनी स्वतः आणली.

२३ मे १९४५ रोजी झरीला हजारो वारली जमले. आज तलासरी तालुक्यात असलेलं हे गाव तेव्हा उंबरगाव तालुक्यात होतं. ‘वेठ, म्हणजे सक्तीची फुकट मजुरी, करायची नाही; रोजी १२ आणे रोख मिळाल्याशिवाय जमीनदाराच्या खासगी शेतावर राबायचं नाही,’ असं तिथे ठरलं. त्यानंतर लाल बावट्याचे, म्हणजे कम्युनिस्ट, कार्यकर्ते गावोगाव फिरून लग्नगडी सोडवू लागले. सोडवणारेही बहुतेक वारलीच. ऑक्टोबरात गवतकापणीच्या मजुरीवरून संप पेटला, तेव्हा तलवाड्याला जमलेल्या लोकांवर पोलिसांनी गोळीबार केला. त्यात जेठ्या गांगड आणि त्याच्या साथीदारांचा जीव गेला.

या भागात मग एकमेकांना ‘कॉम्रेड’ म्हणायची रीत रुजली. तो शब्दही सोबत्याचाच. गोदावरीबाईंना मात्र वारल्यांनी ‘गोदाराणी’ म्हटलं. वेठबिगारी बंद करणारा केंद्राचा कायदा आला तो १९७६ साली, झरीच्या सभेनंतर ३१ वर्षांनी.