सुगरणीचे खाचर

पनवेलमध्ये पक्ष्यांचा विषय निघाला की कर्नाळ्याचे नाव येतेच. १९६८ साली ते अभयारण्य झाले आणि कित्येकांना पक्षी पाहायची गोडी तिथेच लागली. पण आपल्या जिल्ह्यातल्या पक्षी-निरीक्षणाचा एक मोलाचा अध्याय भातशेतीच्या गावात लिहिला गेला. तो मला शाळेत कुणी सांगितला नाही.

सलीम अली (१८९६-१९८७) मुंबईच्या सुलेमानी बोहरा घराण्यातले. लहानपणी त्यांनी छऱ्याच्या बंदुकीने एक चिमणी टिपली. तिच्या गळ्यावर पिवळा डाग होता. असली चिमणी खाणे हलाल आहे का, असा प्रश्न त्या पोराला पडला. मामा अमिरुद्दीन तय्यबजींनाही ती ओळखता येईना. त्यांनी भाच्याला बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत पाठवले. हलाल-हरामच्या साध्या शंकेतून एका मुसलमान मुलाला शास्त्राचे दार उघडले, हे मला फार मोलाचे वाटते.

पुढे जर्मनीत शिकून ते १९३० साली परतले, तर संग्रहालयातली त्यांची जागा पैशांअभावी रद्द झालेली. बेकारीच्या त्या दिवसांत ते पत्नी तहमिना यांच्यासह अलिबागजवळ किहीमला राहायला गेले. पनवेल आणि किहीम दोन्ही तेव्हा कुलाबा जिल्ह्यात. घराजवळ सुगरण पक्ष्यांची वसाहत होती. शिडीवर कापडाचा आडोसा बांधून ते पावसाळ्यात तासन्‌तास आत बसत.

त्यांना दिसले ते असे. भाताच्या किंवा गवताच्या पात्याची पट्टी चोचीने सोलून खोपा विणतो तो नर. अर्धवट खोपा तपासून पसंत करते ती मादी. पसंती मिळाली की नर खाली लोंबणारी नळी पुरी करतो आणि मग दुसरा खोपा विणायला घेतो. १९३१ साली हा अभ्यास सोसायटीच्या नियतकालिकात आला. आपण मात्र त्या पाखराला 'सुगरण' म्हणतो. बहिणाबाईंच्या 'खोप्या'तही विणणारी मादीच आहे. विणकाम बाईचेच, हे आपण पाहण्याआधीच ठरवून मोकळे झालो होतो.

माझी दादी कापणीआधी डबा वाजवून सुगरणींचे थवे हाकलायची, पण विहिरीवरच्या बाभळीतला खोपा कुणाला तोडू द्यायची नाही. त्या जागी आता इमारती आहेत. १९७० साली सिडको स्थापन झाली आणि नव्या शहरासाठी ठाणे, पनवेल, उरण भागातल्या ९५ गावांच्या जमिनी ठरल्या. मोबदल्यासाठी जानेवारी १९८४ मध्ये दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली शेतकरी उठले. गोळीबारात पाच जण हुतात्मा झाले. त्या रक्तातून साडेबारा टक्के भूखंडाचा हक्क आला. मालकाचा हिशेब निदान मांडला तरी गेला. खाचरावर जगणाऱ्या पाखराचा कुणी मांडला नाही.

कर्नाळ्याचे रान सुगरणीला पुरत नाही. तिला उघडे शेत लागते, लांब पाते लागते, पाण्यावर झुकलेली फांदी लागते. तालुक्याच्या आतल्या गावांत अजून भात लावला जातो. येत्या पावसाळ्यात मुलांना घेऊन तिथल्या बांधावर तासभर बसा, आणि खोपा कोण विणतो ते त्यांनाच सांगू द्या.